तांबट आळी ते लक्ष्मी रस्ता : वादकांच्या कानांचा तीनशे वर्षांचा इतिहास

१/
पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांची ही वस्ती. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे सारख्या अंतराने ठोके घालून त्याला बळकटी आणि झळाळी आणायची, या कामाला मठारकाम म्हणतात. याच पेठेत पुण्याचा मानाचा पहिला, कसबा गणपती. अनंत चतुर्दशीला या परिसरात आणखी एक ठोका घुमतो : ताशाचा. जुन्या ताशांची भांडीही बहुधा तांब्याची वा मातीची असत. या दोन्ही ठोक्यांना जोडणारा एक प्रश्न तीनशे वर्षे जुना आहे : ठोका घालणाऱ्याच्या कानांचे काय होते आणि त्या कानांची जबाबदारी कोणाची? हा थ्रेड त्या प्रश्नाचा.

२/
कथेचा आरंभ इटलीत होतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) हा मोदेना आणि नंतर पादुआ येथील वैद्यकाचा प्राध्यापक. त्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती काढली. रोग्याची विचारपूस करताना वैद्याने त्याचा धंदाही विचारावा, हा आज साधा वाटणारा आग्रह त्याचाच. व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्राचा पाया या ग्रंथाने घातला, असे मानले जाते.

३/
या ग्रंथात व्हेनिसच्या तांबटांचे वर्णन आहे. दिवसभर तांबे ठोकणाऱ्या या लोकांच्या वस्तीत इतका गलबला असे की, त्यांच्याखेरीज तिथे कोणी राहायला धजत नसे. रामाझ्झिनीने नोंदवले की, सततच्या आवाजाने या कारागिरांना कमी ऐकू येऊ लागते आणि त्याच कामात म्हातारपण आले तर ते पुरते बहिरे होतात. कारण ठाऊक, परिणाम ठाऊक, रोगी ठाऊक. तरीही पुढे दोन शतकांहून अधिक काळ या माहितीवर कायद्याने कोणतीही कृती झाली नाही. या विषयाच्या इतिहासात अज्ञानापेक्षा अनास्थेनेच अधिक कान घेतले आहेत.

४/
१८३१ मध्ये जॉन फॉसब्रोक या इंग्रज वैद्याने ‘लॅन्सेट’मध्ये लोहारांच्या बहिरेपणाविषयी लिहिले. हा बहिरेपणा एका रात्रीत येत नाही, हळूहळू चढत जातो, हे त्याचे निरीक्षण. तोवर वाफेचे युग सुरू झाले होते. बॉयलर म्हणजे लोखंडी पत्रे रिवेटांनी जोडून केलेले प्रचंड पिंप. रिवेट बाहेरून ठोकताना आतल्या बाजूने तो दाबून धरण्यासाठी एक कामगार पिंपाच्या पोटात बसे. आवाजाला बाहेर पडायला वाट नसे. तो त्या माणसाच्या डोक्याभोवतीच घुमत राही.

५/
ग्लासगोच्या टॉमस बार या कर्णतज्ज्ञाने १८८६ मध्ये अशा कामगारांची पद्धतशीर तपासणी केली. साधन साधेच होते : खिशातल्या घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, हे मोजायचे. शंभर बॉयलर-कामगार आणि तुलनेसाठी शंभर ओतकाम करणारे व शंभर टपालवाले. त्या शंभर बॉयलर-कामगारांपैकी एकाचेही कान धड निघाले नाहीत. रामाझ्झिनीने जे डोळ्यांनी पाहिले होते, त्याला बारने आकड्यांचा आधार दिला.

६/
मग समाजाने काय केले? रोगाला नाव दिले : ‘बॉयलरवाल्याचा कान’. नाव धंद्याचे पडले की रोग धंद्याचा हिस्सा ठरतो आणि जे धंद्याचा हिस्सा असते त्याबद्दल तक्रार करायची नसते. लोहाराचे हात भाजणार, शिंप्याची पाठ वाकणार, बॉयलरवाल्याचे कान जाणार. कित्येक कारखान्यांत ऐकू न येणे ही जुन्याजाणत्या कामगाराची खूण झाली. इजा हे अनुभवाचे मानचिन्ह ठरले की तिच्यापासून बचाव करणारा भित्रा दिसू लागतो. ही मनोवृत्ती ध्यानात ठेवावी. थ्रेडच्या उत्तरार्धात ती वेगळ्या वेशात भेटणार आहे.

७/
मुळात कान बिघडतो कसा? अंतर्कर्णात शंखासारखी वेटोळी असलेली एक नळी असते. तिच्यात जन्मतः सुमारे १५,००० केशपेशी असतात. ध्वनीच्या लाटेबरोबर त्यांच्या टोकांवरचे सूक्ष्म तंतू डुलतात आणि त्या हालचालीचा मज्जासंदेश होऊन मेंदूकडे जातो. आवाज अति मोठा वा अति दीर्घ असला की या पेशी थकतात, पिळवटतात आणि अखेर मरतात. कातडी पुन्हा येते, हाड सांधते. माणसाच्या कानातली मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. डोळ्याला पापणी आहे, कानाला झाकण नाही. मधल्या कानातला एक लहानसा स्नायू मोठ्या आवाजाला आखडतो खरा. पण अचानक पडणाऱ्या ठोक्यापुढे तो नेहमीच उशिरा पोहोचतो.

८/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑडिओमीटर आला आणि घड्याळाच्या टिकटिकीची जागा आलेखाने घेतली. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास एक विशिष्ट खाच दिसू लागली. नुकसान प्रथम इथेच होते. आरंभी माणसाला ते कळतही नाही. बोलणे ऐकू येत असते, फक्त ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक उच्चार गर्दीत निसटू लागतात. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ ही तक्रार सुरू होईतो खाच बरीच खोल गेलेली असते.

९/
इथे थोडे गणित आवश्यक आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ बेरजेची नव्हे : ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेची शिफारस दिवसाला ८५ डेसिबल, ८ तास अशी आहे. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. कानाला आवाजाची मात्रा मिळते, ती पातळी आणि वेळ यांच्या गुणाकाराने. कान उत्सव आणि कारखाना यांत भेद करत नाही.

१०/
कायदा मात्र हा भेद करतो. अनेक देशांत कारखान्यांच्या आवाजावर बंधने आली ती १९६० आणि १९७० च्या दशकांत. ब्रिटनने बहिरेपणाला भरपाईस पात्र व्यवसायजन्य आजार मानले तेही १९७० च्या दशकातच. रामाझ्झिनीनंतर अडीचशे वर्षांनी! भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा त्या यादीत होता. कामगाराला निदान कागदावर तरी संरक्षण मिळाले. वादकाचे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते.

११/
याचे कारण भाषेतही दडलेले आहे. कारखान्यात होतो तो ‘गोंगाट’, मैफलीत होतो तो ‘नाद’. एकाचे निवारण करायचे, दुसऱ्याची उपासना. नादाने इजा होते, हे म्हणणेच अरसिकपणाचे वाटे. १९६० नंतर विजेच्या गिटारी आणि प्रचंड स्पीकर आले तेव्हा तर आवाज हाच पराक्रम झाला. ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्ल्टन मैदानावर ‘द हू’ या चमूच्या कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबलची नोंद झाली आणि ती गिनीजच्या विक्रमग्रंथात गेली. पुढे गिनीजने हा विक्रम नोंदवणेच थांबवले, कारण त्याच्या मागे लागून कान फुटत होते.

१२/
त्याच चमूचा गिटारवादक पीट टाउनशेंड पुढे श्रवणदोष आणि कर्णनाद यांविषयी जाहीरपणे बोलू लागला. मोठ्या आवाजाच्या संगीताने कीर्ती मिळवलेल्या माणसाने आपले कान बिघडल्याची कबुली देणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात रॉक-वादकांच्या श्रवणरक्षणासाठी ‘हिअर’ ही संस्था उभी राहिली, तिला त्याने साहाय्य केले. त्याच सुमारास खास वादकांसाठी केलेले इअरप्लग बाजारात आले. साध्या फोमच्या बोळ्याने बारीक स्वर अधिक दबतात आणि सगळे गढूळ ऐकू येते. हे नवे प्लग सर्व पट्ट्यांतला आवाज जवळजवळ सारख्या प्रमाणात उतरवतात. नाद तोच, तीव्रता कमी.

१३/
अभिजात संगीताचे जग तरी सुरक्षित होते का? तेही नव्हते. वाद्यवृंदात व्हायोलावादकाच्या पाठीमागे ट्रम्पेट आणि ट्रोम्बोन असतात. त्यांचे तोंड थेट त्याच्या कानाकडे. युरोपीय संघाने २००३ मध्ये कामाच्या जागच्या आवाजाविषयी नवा निर्देश काढला आणि त्यात संगीत व करमणूक क्षेत्राला आणले. तयारीसाठी दोन वर्षांची जादा सवलत दिली. ब्रिटनमध्ये हे नियम एप्रिल २००८ पासून वाद्यवृंदांना लागू झाले. कलावंतांच्या जगात तेव्हा पुष्कळ कुरकुर झाली : वॅग्नर काय हळू वाजवायचा?

१४/
वॅग्नरच पुढे न्यायालयात गेला, असे म्हणता येईल. १ सप्टेंबर २०१२ रोजी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये त्याच्या ‘दी वाल्क्यूरे’ची तालीम चालली होती. ख्रिस गोल्डशायडर हा व्हायोलावादक ब्रासवाद्यांच्या अगदी पुढे बसला होता. त्या तालमीत त्याच्या कानांना कायमची इजा झाली आणि पुढे त्याला वादन सोडावे लागले. त्याने संस्थेवर दावा लावला. संस्थेच्या बचावाचा एक धागा असा होता की, इथे आवाज हा उपद्रव नव्हे, तोच तर इथला माल आहे. कारखान्याचे नियम कलेला जसेच्या तसे कसे लावणार?

१५/
मार्च २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने संस्थेला जबाबदार धरले आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने ती जबाबदारी कायम ठेवली. कलेचे मोल कितीही असो, त्यासाठी कलावंताच्या आरोग्याचा कायदा बाजूला ठेवता येत नाही, हा निकालाचा गाभा. त्याहून बोलकी गोष्ट अशी : त्या घटनेनंतर वाद्यवृंदाची बैठक बदलली गेली आणि आवाज उतरला. म्हणजे जे नंतर करता आले ते आधीही करता आले असते. प्लग घालायचा की नाही, हे एकट्या वादकावर सोपवून संस्थेला हात झटकता येत नाहीत. कोण कुठे बसेल, किती वेळ वाजवील, हे ठरवणाराच जबाबदार.

१६/
आता पुन्हा कसबा पेठेत. पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांच्या पुढाकाराने १८९२ मध्ये आणि लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव रुजला. मिरवणुकीत सनई-चौघडा, लेझीम आणि मुळशी-मावळ भागांतल्या गावांतून येणारे ढोल असत. पुढच्या काळात शाळांची पथके उभी राहिली. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग ही नावे पुण्यात आजही आदराने घेतली जातात. मुलांना शिस्त, संघभावना आणि ताल यांचे शिक्षण मिळावे, हा हेतू. मुलीही कमरेला ढोल बांधून उभ्या राहिल्या, ही त्या चळवळीची मोठी कमाई.

१७/
एकविसाव्या शतकात पथकांची संख्या झपाट्याने वाढली. महाविद्यालयीन विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी असे तरुण आषाढापासून संध्याकाळी नदीपात्रात, मैदानांवर वा पुलाखाली सरावाला जमतात. मोबदला बहुधा नसतो. उलट वर्गणी भरून लोक येतात. अमेरिका-ब्रिटनमधल्या मराठी मंडळांतही आता पथके आहेत. इतके तरुण स्वखुशीने, शिस्तीने, एका तालावर उभे राहतात, ही दुर्मीळ गोष्ट. म्हणूनच त्यांच्या कानांची आबाळ अधिक टोचते.

१८/
पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मंडळी वर्षानुवर्षे विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरचा आवाज मोजतात. अनेक वर्षी तो १०० डेसिबलच्या आसपास भरला आहे. हा झाला रस्त्यावरचा आवाज. वादक तर उगमापाशीच उभा. त्याच्या कानाशी १०० डेसिबलच धरले आणि सरावात प्रत्यक्ष वादन रोज एकच तास झाले, असे मानले तरी मात्रा दैनंदिन मर्यादेच्या चौपट होते. अशा चाळीस संध्याकाळी म्हणजे कारखान्यातल्या कमाल मर्यादेच्या १६० दिवसांइतकी मात्रा, आणि तीही मिरवणूक सुरू होण्यापूर्वीच. ‘वर्षातून दहा दिवसांचा तर प्रश्न’ हा युक्तिवाद सराव विसरतो.

१९/
आणखी एक गणित. एकसारखे दोन ढोल वाजले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, दहा ढोलांनी १०, शंभर ढोलांनी २०. आणि १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. म्हणजे ढोल शंभरपट केले तरी श्रोत्याला आवाज जेमतेम चौपट भासतो. ऊर्जा मात्र शंभरपट होते. रांगेतल्या वादकाला दूरच्या ढोलांपेक्षा शेजारचा ताशा अधिक बाधतो, हेही खरे. तेव्हा पथक किती मोठे, याइतकाच रांगा किती दाटीने उभ्या, हा प्रश्न महत्त्वाचा. संख्या वाढवून भव्यता दिसते. नादाची भर त्या मानाने तुटपुंजी.

२०/
कायदा इथे काय म्हणतो? ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकात ३० जणांची मर्यादा घातली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. या सबंध वादाच्या दोन बाजू होत्या : त्रास होणारे रहिवासी आणि वाजवू पाहणारी पथके. ध्वनिनियम ऐकणाऱ्याचे रक्षण करतात, कारखान्यांचे कायदे कामगाराचे. पथकातला अठरा वर्षांचा ताशावादक शेजारी नव्हे आणि कामगारही नव्हे. दोन कायद्यांच्या मधल्या फटीत तो उभा आहे.

२१/
परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी परंपरा नीट पाहावी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. नगारा उंचावर, मोकळ्यावर. त्याचा नाद दुरून ऐकायचा. चौघडा ठरावीक प्रहरी झडे. अखंड वाजत नसे. अंतर, मोकळीक आणि विश्रांती या तिन्ही गोष्टी त्या रचनेतच होत्या. त्या कान वाचवण्यासाठी योजल्या होत्या, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्यांचा परिणाम तोच होत असणार. दाटीच्या रस्त्यावर, उंच इमारतींच्या भिंतींमध्ये, तासन् तास शेकडो वाद्ये वाजणे ही प्राचीन परंपरा नव्हे. ती गेल्या काही दशकांची निर्मिती आहे आणि जे नव्याने घडवले ते नव्याने सुधारताही येते.

२२/
‘आजवर कोणाला काही झाले नाही’ हा दुसरा युक्तिवाद. मिरवणुकीनंतर कानाला दडे बसतात, रात्रभर कानात कुंई असा आवाज येत राहतो आणि दोन दिवसांत सारे निवळते. पथकात ही गमतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले की, ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाल्यावरही केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. म्हणजे दडा सुटला तरी नुकसान टळलेच, असे समजता येत नाही. प्रत्येक वादक बहिरा होईल, असे मुळीच नाही. माणसागणिक कानांची सहनशक्ती वेगळी असते. अडचण हीच की, कोणाचे कान नाजूक आहेत हे आधी ओळखता येत नाही.

२३/
‘प्लग घातले की ताल कळत नाही’ हा तिसरा युक्तिवाद आणि तो वादकांचा असल्याने आदराने तपासायला हवा. पहिल्या दिवशी हे खरे असते. आपला ढोल दूर गेल्यासारखा वाटतो, शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही. परंतु ढोलाची थाप कमरेला, छातीला आणि पायांखालच्या जमिनीला जाणवते; चाल बदलण्याची खूण बहुतेक वेळा हाताने वा ध्वजाने होते. १०० डेसिबलमधून १५ वजा केले तरी ८५ उरतात, आणि ते संगीताला पुरेसे आहेत. सवय लागायला आठवडाभर जाईल. म्हणूनच प्लग सरावाच्या पहिल्या दिवसापासून हवेत, मिरवणुकीच्या सकाळी नव्हेत. कापसाचे बोळे मात्र पुरेसे नाहीत. ते आवाज फारच थोडा अडवतात.

२४/
पणाला लागलेली गोष्ट नेमकी कोणती? पथकातली कित्येक मुले तबला शिकतात, गातात, बासरी वाजवतात. तबल्याच्या चाटीवरचा स्वच्छ ‘ना’, तंबोऱ्याच्या जवारीतली झळाळी, ताशाच्या काडीचा टणत्कार, या सर्वांची धार बारीक स्वरांत असते आणि आवाजाची इजा नेमकी तिथून सुरू होते. ताशावादक प्रथम गमावतो तो ताशाचाच तेजस्वी भाग. कर्णनाद जडला तर शांतताही कायमची जाते; मध्यरात्री खोलीत कोणी नसताना कानात एक अखंड स्वर वाजत राहतो आणि त्याला सम नसते.

२५/
उपाय अवघड नाहीत, खर्चिकही नाहीत. कुर्ता आणि उपरणे यांच्याबरोबर प्लगची जोडी पथकानेच द्यावी आणि ती वर्गणीत धरावी. प्लगविना रांगेत प्रवेश नाही, हा नियम पथकप्रमुखांपासून सुरू व्हावा. सरावाच्या आरंभी आणि उत्सवानंतर प्रत्येकाची श्रवणचाचणी व्हावी. सराव पुलाखाली नको, मोकळ्यावर हवा. तिथे आवाज परतून येत नाही. नव्या चालींचा हात बसेपर्यंत ताशावर कापड टाकून सराव करता येतो. रांगांत अंतर ठेवावे, वादकांची आलटून-पालटून विश्रांती असावी. शाळकरी मुलांसाठी मर्यादा आणखी कडक हवी. दोरी धरणारे, ध्वज नाचवणारे आणि पाण्याच्या बाटल्या पुरवणारे कार्यकर्तेही त्याच आवाजात उभे असतात. त्यांचीही गणती व्हावी.

२६/
यातले काहीही एकट्यादुकट्या वादकाच्या हौसेवर सोडून चालणार नाही. अठरा वर्षांचे पोर सगळ्यांसमोर एकटेच कानात प्लग घालून उभे राहणार नाही. त्याला भित्रे म्हणतील ही धास्ती बॉयलरच्या पिंपात बसणाऱ्या कामगाराइतकीच खरी आहे. सगळ्यांनी घातले की धास्ती संपते. दुचाकीवरच्या हेल्मेटसाठी आपल्याकडे सक्ती लागते. पथकात तर सक्तीचीही गरज नाही, शिस्त आधीच आहे. वेळेवर येणे, वाद्याला पाय न लावणे, गणवेश चोख ठेवणे हे जे पथक शिकवते, त्याला कान राखणे शिकवणे जड नाही.

२७/
इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांसाठी या कथेचे तात्पर्य. १७१३ मध्ये व्हेनिसच्या तांबटांविषयी जे छापले गेले, ते १८८६ मध्ये ग्लासगोत पुन्हा सिद्ध करावे लागले आणि २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयात पुन्हा सांगावे लागले. ज्ञान प्रत्येक वेळी हाताशी होते. उणीव होती ती ‘हे माझे काम’ असे म्हणणाऱ्याची. पुण्यातल्या पथकप्रमुखाला न्यायालयाची वा लवादाची वाट पाहण्याचे कारण नाही. आषाढात सरावाची पहिली संध्याकाळ येईल, नवी मुले रांगेत उभी राहतील, कोणी कमरेला ढोल बांधील, कोणी गळ्यात ताशा अडकवील. पहिली थाप पडण्याआधी प्रत्येकाच्या तळहातावर प्लगची एक जोडी ठेवायची, एवढेच काम आहे.

(समाप्त)